औषध घरी गेल्यानंतर



औषधाच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे आणि रुग्णाला औषधाविषयी शिकवणे ही परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत दोन वेगळी प्रकरणे असतात आणि परीक्षेत त्यांवर प्रश्नही वेगळे येतात; परंतु भंडारा जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या स्टाफ नर्सला ही दोन्ही कामे एकच आहेत हे लवकरच ध्यानात घ्यावे लागते. वॉर्डात दाखल रुग्णाची नाडी, रक्तदाब, लघवी आणि त्वचा पाहायला परिचारिका असते. क्षयाची, कुष्ठरोगाची, सिकलसेलची किंवा रक्तदाबाची गोळी मात्र लाखांदूर वा मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या गावी, जेवणे आटोपल्यावर घेतली जाते, आणि तिचा परिणाम पाहणारे डोळे रुग्णाचे स्वतःचे, त्याच्या बायकोचे किंवा सुनेचे असतात. त्या डोळ्यांना काय पाहायचे आणि ते दिसल्यावर काय करायचे हे आधी सांगून ठेवणे, म्हणजेच निरीक्षणाचे काम विश्वासाने त्या घरावर सोपवणे, हाच रुग्णशिक्षणाचा खरा अर्थ होय.

योग्य कारणासाठी, योग्य मात्रेत दिलेल्या औषधाचा जो नको असलेला परिणाम होतो त्याला दुष्परिणाम म्हणतात. मात्रा चुकल्याने होणारी विषबाधा ही निराळी गोष्ट आहे. काही दुष्परिणाम निरुपद्रवी पण घाबरवणारे असतात, काही त्रासदायक पण आटोक्यात ठेवता येणारे असतात, तर काही असे की ते दिसताच औषध थांबवून रुग्णालय गाठावे लागते. पुष्कळ रुग्णांचे वर्तन नेमके याच्या उलट असते: लघवीचा रंग पालटला म्हणून ते गोळ्या बंद करतात आणि डोळे पिवळे पडले तरी अशक्तपणा समजून आठवडाभर घरी पडून राहतात. त्याला अडाणीपणा म्हणण्याआधी परिचारिकेने गोळ्या हाती देताना त्यांना काय सांगितले गेले होते याची चौकशी करावी. बहुधा काहीच सांगितलेले नसते.

क्षयरोगाच्या उपचारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. साध्या क्षयाचा उपचार 6 महिन्यांचा असून पहिले 2 महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत एकत्र केलेली असतात, पुढचे 4 महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन असतात, आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. रिफाम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी होतात. हे पहिल्या दिवशीच सांगितले तर रुग्ण हसून सोडून देतो. सांगितले नाही तर रक्त जाते आहे असे समजून तो चौथ्या दिवशी उपचार सोडतो. मात्र एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे, कारण या गोळीतली तीन औषधे यकृताला इजा करू शकतात आणि काविळीतही लघवी गडद होते. तेव्हा रंग नारिंगी होणारच असे सांगणाऱ्या परिचारिकेने त्याच दमात हेही सांगावे लागते की भूक मेली, ओकाऱ्या होऊ लागल्या, उजव्या बरगडीखाली दुखू लागले किंवा दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखान्यात यावे. लघवीपेक्षा डोळ्यांकडे पाहा, एवढे घरच्या माणसाच्या लक्षात राहिले तरी पुरे.

हातापायांना मुंग्या येणे हे आयसोनियाझिडमुळे होते आणि त्यावर पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-6, दिले जाते. पायराझिनामाइडने रक्तातले युरिक आम्ल वाढून सांधे दुखतात. इथाम्ब्युटॉलचा परिणाम दृष्टीच्या नसेवर होत असल्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे एकेक डोळा झाकून वाचून पाहण्याची आणि लाल-हिरवा रंग पूर्वीसारखाच दिसतो का हे तपासण्याची सवय रुग्णाला लावावी. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, ही गोष्ट तरुण स्त्रीला एकटीला बाजूला घेऊन सांगावी लागते, कारण सासूसमोर ती प्रश्न विचारणार नाही. मोहाच्या दारूविषयीही असेच आहे: दारू पिता का, असे ओपीडीच्या रांगेत विचारले की उत्तर नकारार्थीच येते, आणि यकृताच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती केस पेपरवर कधीच चढत नाही.

हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तेथे औषध घेणारा माणूस स्वतःला निरोगी समजत असतो. पूर्व विदर्भातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे भंडाऱ्यातही हा रोग जुना आहे. क्युलेक्स डास त्याच्या जंतांचा प्रसार करतो आणि पाय सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे जंत शरीरात मुकाट राहू शकतात. मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल, आणि जेथे तीन औषधांची पद्धत आहे तेथे आयव्हरमेक्टिनही, आरोग्य कर्मचाऱ्यासमोर खायला दिले जाते. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना ते देत नाहीत, आणि उपाशीपोटी कोणालाच देत नाहीत. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ, गरगरणे असा त्रास होतो. हा त्रास मुख्यतः रक्तातले सूक्ष्म जंत मरत असल्यामुळे होतो. म्हणजे ज्याला गोळीने ताप आला त्याच्या अंगात बहुधा जंत होते आणि त्यालाच गोळीची खरी गरज होती. सामान्यतः एक-दोन दिवसांत ओसरणारा हा त्रास आधी सांगितला असेल तर गाव तो सहन करते. न सांगता गोळ्या वाटल्या तर एका घरातल्या तापाची बातमी संध्याकाळपर्यंत टोलीभर होते आणि दुसऱ्या दिवशी आशा ताई दाराशी आल्या की गोळ्या मुठीत घेऊन नंतर फेकल्या जातात. काहीच होणार नाही, असे आश्वासन देण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा. ते खोटे ठरले की पुढच्या वर्षीची मोहीम त्याच दिवशी हरलेली असते.

वॉर्डातल्या निरीक्षणाची खरी कसोटी रोवणीच्या दिवसांत लागते. धानाच्या बांधीत काम करताना साप चावलेल्या रुग्णाला दिली जाणारी प्रतिसर्पविष लस घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून तयार होते आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर ती चालते. सापाने सोडलेले विष माणूस पाहून कमी-जास्त होत नसल्याने लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, हे नव्या परिचारिकेला चमत्कारिक वाटले तरी खरे आहे. सलाईनमधून लस सुरू झाल्यावर पहिला तासभर खाट सोडू नये. अंगावर गांध्या उठणे, खाज, अचानक खोकला, ओकारी, हुडहुडी, धाप, रक्तदाब घसरणे यांपैकी काहीही दिसले तर ती अॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे सर्व शरीर व्यापणाऱ्या जीवघेण्या अॅलर्जीची, सुरुवात असू शकते. अशा वेळी लस थांबवून डॉक्टरांना हाक मारायची आणि अॅड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यायचे असते, म्हणून ते लस लावण्यापूर्वीच सिरिंजमध्ये भरून उशाशी तयार असावे. रुग्ण सावरल्यावर लस पुन्हा हळू गतीने सुरू करून मात्रा पूर्ण करावी लागते, आणि ही गोष्ट नातेवाइकांना समजावणे फार अवघड असते. ज्या औषधाने आत्ता माणूस जाता जाता राहिला तेच पुन्हा का लावता, हा त्यांचा प्रश्न रास्त असतो आणि त्याला शांतपणे उत्तर द्यावे लागते. शिवाय डिस्चार्जच्या वेळी एक वाक्य विसरू नये: साधारण आठवडाभराने, कधी त्याच्या मागेपुढे, ताप, सांधेदुखी आणि खाज सुरू झाली तर ती लसीचीच उशिरा आलेली प्रतिक्रिया असू शकते, तिच्यावर उपचार आहेत, विष अंगात उरले असे समजून मांत्रिकाकडे जाऊ नये.

सिकलसेलचा रुग्ण विदर्भातल्या परिचारिकेला नवा नसतो, आणि 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्याही वाढल्या आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून दुखण्याचे झटके कमी करते, पण त्याला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून ते सोडणारे पुष्कळ असतात. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होऊ शकतात, म्हणून ठरल्या तारखेला रक्त तपासल्याशिवाय पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल घेऊ नयेत आणि ताप आल्यास मेडिकलमधून गोळी न घेता त्याच दिवशी यावे, असे आईबापांना बजावावे. नखे काळवंडली तर घाबरण्याचे कारण नाही. मूल हवे असेल तर मात्र स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावे.

एका आजाराचे चिन्ह आणि दुसऱ्या आजाराच्या औषधाचा दुष्परिणाम एकमेकांसारखे दिसतात, आणि या जिल्ह्यात हा गोंधळ विशेष संभवतो. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने घोट्यांपाशी सूज येते आणि हत्तीरोगाच्या भागात तिचा अर्थ लगेच वेगळा लावला जातो. परंतु गोळीची सूज बहुधा दोन्ही पायांना, गोळी सुरू केल्यापासून काही आठवड्यांत आणि संध्याकाळी जास्त अशी असते, तर हत्तीरोगाची अनेकदा एकाच पायाला असते. एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो. तरीही क्षय आढळणाऱ्या भागात दोन आठवड्यांच्या खोकल्याची थुंकी तपासल्याशिवाय त्याचा दोष गोळीला देऊ नये. कुष्ठरोगात क्लोफॅझिमिनने त्वचा काळवंडते आणि ती उपचारानंतर हळूहळू निवळते. चट्टे लाल होऊन सुजले किंवा नसा दुखू लागल्या तर ती रोगाचीच प्रतिक्रिया असते, तेव्हा औषध सोडायचे नसून तातडीने दाखवायचे असते. पण उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि अंगभर पुरळ आले तर डॅप्सोनचा संशय घेऊन ते थांबवावे लागते. येथे पुस्तकातली यादी पाठ असून भागत नाही, औषध कोणत्या तारखेला सुरू झाले हे विचारावे लागते.

शिकवण्याच्या रीतीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. काही त्रास आहे का, या प्रश्नाला भंडाऱ्याचा शेतकरी नाही असेच म्हणतो. जेवण किती जाते, रात्री खाज येते का, उठताना भोवळ येते का, असे नेमके विचारले तर खरे उत्तर मिळते. समजले का, असे विचारण्याऐवजी घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, असे विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. एका भेटीत दोन-तीनच गोष्टी सांगाव्यात आणि धोक्याची खूण सर्वांत आधी. गावठी औषध, काढा किंवा मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी चालू आहे का हे रागावण्याचा सूर न लावता विचारावे, कारण एकदा बोलणी खाल्लेला रुग्ण पुढे काहीच सांगत नाही.

दुष्परिणामाचा संशय आला की त्याची नोंद कळवणेही परिचारिकेच्या कक्षेत येते, ही गोष्ट अनेक जणींना नोकरीची बरीच वर्षे उलटली तरी ठाऊक नसते. थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली हे 1961 च्या सुमारास उघडकीस आल्यावर जगभर अशा नोंदी गोळा करण्याची व्यवस्था उभी राहिली. भारतात 2010 पासून औषध-सुरक्षा निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम असून त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर परिचारिका आणि रुग्ण दोघेही माहिती देऊ शकतात. त्यासाठी संशय पुरेसा असतो, खात्री लागत नाही, आणि नोंद करणे म्हणजे स्वतःची वा डॉक्टरांची चूक कबूल करणे असाही त्याचा अर्थ होत नाही. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख, त्रास दिसल्याची तारीख आणि औषध थांबवल्यावर काय झाले, एवढे ड्युटी संपण्यापूर्वी केस पेपरवर लिहिलेले असले की फॉर्म भरायला दहा मिनिटे लागतात.