गर्दीचे शुल्क : मोटार की बस?



शनिवारी जामसांवलीच्या हनुमान मंदिराकडे जाणारा रस्ता आपण पाहतोच. समजा, त्या गर्दीत एक मोटार जास्त शिरली आणि मागच्या ६० गाड्यांना अर्धा-अर्धा मिनिट थांबावे लागले. एकूण ३० मिनिटे वाया गेली. मोटारवाला मात्र आपल्या पेट्रोलचाच हिशेब मांडतो. इतरांची ३० मिनिटे त्याच्या वहीत येत नाहीत. हा सुटलेला खर्च वसूल करणारे शुल्क म्हणजे 'गर्दी शुल्क'.

सिंगापूरने १९७५ मध्ये याची सुरुवात केली. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर दिवसाला ५ पौंड आकारले आणि त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस सोडल्या. पहिल्या वर्षी तेथे येणारी वाहने सुमारे १८ टक्क्यांनी घटली. स्टॉकहोमने आधी बस वाढवल्या, मग जानेवारी ते जुलै २००६ प्रयोग केला. वाहतूक सुमारे २० टक्के कमी झाली. शुल्क थांबताच पुन्हा वाढली. मग नागरिकांनी मतदान करून कौल दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झाले.

आपल्याकडे काय? मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर टोल होता, पण तो उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी. गर्दी कमी करणे हा त्याचा हेतू नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला.

आम्हाला येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शुल्कामुळे मोटार महाग होते, पण माणूस बसमध्ये बसेल ते बस असेल तरच. २००५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा पालकांना विचारा, नागपूरला दवाखान्यात जायचे तर वेळेवर परतीची बस मिळते का? जिथे बस नाही, तिथे असे शुल्क म्हणजे नुसता दंड; त्याचा भार कमी मिळकतीच्या घरावर अधिक पडतो. म्हणून आधी बस, मग शुल्क, आणि आलेला पैसा पुन्हा बससाठी, हा क्रम हवा.

स्वाध्याय
१. घरच्या एका नागपूर फेरीचा मोटारीचा व बसचा खर्च काढा. वेळही लिहा.
२. बसमध्ये ४० प्रवासी आहेत. ते चौघे-चौघे मोटारीने निघाले, तर रस्त्यावर किती मोटारी येतील?