नाताळच्या पंगतीला येळवशीची भज्जी

कपिलधार, जि. बीड
कार्तिक वद्य पंचमी

चि. मधुरा,

पौर्णिमेची यात्रा आटोपली, मन्मथस्वामींच्या दर्शनाला आलेल्या दिंड्या गावोगाव परतल्या, आणि आता तुझ्या पत्राला उत्तर लिहायला सवड मिळाली. तुझ्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरी 25 डिसेंबरला दहा-बारा जण जेवायला येणार, घरात मांस शिजवायचं नाही हे तुझं पक्कं, मग टर्कीच्या जागी काय ठेवू, असं तू विचारलंस. माझं मत सरळ सांगते. टर्कीच्या जागी काही ठेवायला जाऊच नकोस. तू येळवशीची भज्जी कर आणि तेच त्या दिवसाचं मुख्य जेवण असू दे.

सुकामेवा आणि पावाचा चुरा थापून भाजलेली ती वडी तिकडे शाकाहाऱ्यांपुढे ठेवतात. ती वाईट असते असं नाही. पण मांसाच्या कापासारखे काप पाडायचे, त्यावर तसाच रस्सा ओतायचा, म्हणजे खाणाऱ्याला पहिल्या घासापासून नसलेल्या पदार्थाची आठवण देत राहायचं. शाकाहारी माणसाने पाहुण्यांपुढे असं ओशाळं होऊन का वाढावं? आणि टर्की तरी तिथली कुठे? तो पक्षी अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात आला. डिकन्सच्या 1843 च्या नाताळकथेतल्या गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या ताटातही हंसच होता. टर्की पाठवतो तो शेवटी मन पालटलेला कंजूष मालक स्क्रूज. रीत बदलत आली आहे, तुझ्या घरी आणखी थोडी बदलेल.

शाकाहार आणि नाताळ यांचं वैरही नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनीला त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसे, तरी रमाबाई ढळल्या नाहीत. ख्रिस्तावरची श्रद्धा आणि ताटातलं अन्न या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. पोलंडमध्ये तर नाताळच्या आदल्या रात्रीच्या मोठ्या जेवणात परंपरेने मासे असतात, पण मांस नसतं. म्हणजे मांसावाचून हा सण अपुरा, ही समजूत साऱ्या ख्रिस्ती जगाची नाही.

आता भज्जीचं. अंबाजोगाईकडे आणि लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते, आणि ती बहुधा नाताळच्या आसपासच येते. 2022 साली 23 डिसेंबरला होती, 2024 साली 30 ला. शेतात कडब्याची कोप करून, पूजेसाठी पांडव मांडून सगळं घर तिथे जेवतं. ज्याला शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावतात. त्या दिवसाचा मान भज्जीचा. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणे, वालाचे दाणे, वांगं, गाजर, मेथी, पालक, जे रानात असेल ते एका पातेल्यात येतं. लेस्टरला युगांडातून 1972 साली हाकलले गेलेले खूप गुजराती स्थिरावले, म्हणून तुझी सोय आहे. बेलग्रेव्ह रोडच्या दुकानांत तुरीचे आणि पापडीचे दाणे 'लिलवा' नावाने गोठवलेले मिळतील. तिकडच्या थंडीत येणारं पार्सनिपही चिरून टाक. भज्जीला ते चालतं, कारण ती मुळातच जिथलं रान असेल तिथली होते.

दाणे आधी मऊ शिजव. भाज्या नंतर घाल, नाहीतर वांग्याचा लगदा होईल. हिरवी मिरची, आलं, जिरं वाटून लाव. मग डाळीचं पीठ चिंचेच्या कोळात गुठळी न राहता कालवून ओत आणि मंद आचेवर पीठ पुरतं शिजेपर्यंत ढवळत राहा. इथे घाई केलीस तर कच्च्या पिठाचा वास राहील. आपण ताक घालतो, पण दूधही न खाणारा कुणी असेल तर चिंचच बरी. लसणाची भरपूर फोडणी मात्र वाढायच्या वेळी, सगळ्यांसमोर दे. त्या वासाने ताटावर बसलेल्यांची भूक जागी होते. भज्जी आदल्या दिवशी करून ठेवलीस तरी चालेल. मुरली की आंबट-तिखट एकजीव होतं.

दहा माणसांना गरम भाकरी पुरवायच्या नादाला लागू नकोस, सारा वेळ तव्यापाशी जाईल. बाजरीचे उंडे कर. ते वाफवून ठेवता येतात आणि भज्जीत चुरून खाता येतात. गोडाला गव्हाची खीर, गूळ आणि खसखस घालून. युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी गहू, मध आणि खसखशीची कुत्या खातात. तुझ्या पाहुण्यांत तिकडचं कुणी असलं तर खीर बघताच ओळखीचं हसेल.

शेंगदाणे घालू नकोस. काहींना त्यांचं इतकं वावडं असतं की जिवावर बेततं. आमंत्रण देतानाच प्रत्येकाला काय चालत नाही ते विचार, आणि घरात मांस शिजत नाही हेही तेव्हाच सांग, म्हणजे कुणी प्रेमाने कोंबडी भाजून आणून अवघडणार नाही. जेवताना मात्र शाकाहारावर एक शब्द बोलू नकोस. इथे यात्रेत दासोहाची, म्हणजे सामुदायिक अन्नदानाची, पंगत बसते, तेव्हा वाढणारा सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढतो आणि कुणाला त्याची सवय विचारत नाही. तुझ्याकडेही शाकाहाऱ्यांचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं असं व्हायला नको. पातेलं मध्ये ठेव आणि पहिली वाढ स्वतःच्या हाताने कर.

सामान 24 तारखेच्या आत आणून ठेव. नाताळच्या दिवशी तिकडे मोठी दुकानं 2004 च्या कायद्याने बंद असतात.

तुझी,
आत्या