गवताच्या मुळाशी

वैशाखातील ऊन कलू लागले, की नागपूर जिल्ह्यातील माळरानांवरून गुरे घराकडे परततात. दिवसभर चरूनही गाईंच्या बरगड्या दिसतात आणि संध्याकाळी दुधाचे भांडे अर्धेही भरत नाही. पोटात गवत तर गेले. मग ते अंगी का लागत नाही? वाळलेल्या गवतात प्रथिने थोडी असतात, हे त्याचे एक कारण होय. परंतु माती दुबळी असेल, तर पावसाळ्यातील हिरव्या चाऱ्यातही ती पुरेशी उतरत नाहीत.

प्रथिनांसाठी वनस्पतीला नत्र लागते. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचाच आहे. तथापि गवताला ते हवेतून थेट घेता येत नाही. सागराच्या काठी राहूनही तहानेने व्याकूळ व्हावे, तशी त्याची स्थिती असते. शिवाय विदर्भातील काळ्या मातीत पुष्कळ ठिकाणी चुना अधिक असल्याने, हाडांना बळकटी देणारे स्फुरदही मातीत बांधलेलेच राहते.

ही कोंडी डोळ्यांना न दिसणारे जिवाणू फोडतात. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून नत्र बांधणारे जिवाणू वेगळे काढले. त्यांना रायझोबियम म्हणतात. गवताच्या मुळांशी मात्र ॲझोस्पिरिलम नावाचे जिवाणू राहतात. ते नत्र बांधतात व मुळांची वाढही करतात. ब्राझीलमधील योहाना डोबेराइनर या विदुषीने १९७० नंतरच्या काळात त्यांचे महत्त्व जगाच्या ध्यानी आणून दिले. काही जिवाणू सेंद्रिय आम्ले स्रवून बांधलेले स्फुरद विरघळवितात.

हे जिवाणू आज पाकिटांत मिळतात. साधारणतः १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणूखत गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळतात, बियाणे सावलीत सुकवितात आणि लगेच पेरतात. मारवेलसारख्या गवताची ठोंबे लावायची असल्यास त्यांची मुळे या पाण्यात बुडवितात. गवताच्या ओळींमध्ये चवळीही पेरतात. तिच्या मुळांवरील गाठी पुढे कुजल्या, की त्यांतील नत्र गवताला मिळते.

परंतु जिवाणू म्हणजे जादू नव्हे. त्यांनाही ओलावा आणि कुजलेला पालापाचोळा लागतो. माळावर वणवा पेटला, तर हा पाला जळून जातो. सगळे शेण गोवऱ्यांसाठी उचलले, तर मातीच्या वाट्याला काहीच उरत नाही. अशा उपाशी मातीत जिवाणू टिकत नाहीत.

नागपुरात १९०६ साली कृषी महाविद्यालय स्थापन झाले. मृदा सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालयही येथेच आहे. त्यांच्या विद्येचे फळ माळरानापर्यंत पोहोचावयाचे असेल, तर शेतकऱ्याला एक गोष्ट पाळावी लागते: मातीतून जेवढे घ्यावे, त्यातील काही तरी तिला परत द्यावे. गवळाऊ गाय गवतावर जगते, गवत मातीवर जगते आणि माती तिच्यातील या असंख्य लहानग्यांवर जगते. त्यांना जो जपतो, त्याच्या गोठ्यातील दुधाचे भांडे रिकामे राहत नाही.

स्वाध्याय
१. गवत हवेतील नत्र थेट का वापरू शकत नाही, असे पाठात म्हटले नसले तरी त्याची कमतरता कोण भरून काढते?
२. वणव्यामुळे जिवाणूंची हानी कशी होते?