आजीच्या टीव्हीसाठी

चि. सोनूस,


बारशाचा व्हिडिओ तू डिस्कवर घालून पाठवलास, पण आजीच्या प्लेअरने तो घेतलाच नाही. परवा फोनवर तिनेच सांगितलं. पणतू दिसला नाही म्हणून फार हिरमुसली होती गं.

तू डाउनलोड केलेली फाइल तशीच्या तशी कॉपी केलीस. ती एच.२६४ प्रकारची आहे आणि आजीच्या जुन्या प्लेअरला एमपीईजी-२ लागतं. फाइलचं नाव बदलून भागत नाही, चित्र नव्यानेच घडवावं लागतं. डीव्हीडीस्टायलर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घे. ते रूपांतरही करतं आणि प्लेअर शोधतो तो व्हिडिओ_टीएस फोल्डरही बनवतं.

आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. पण दादाने अमेरिकेत घेतलेला व्हिडिओ ३० फ्रेमचा आहे. पाल केलंस तर दर सहातली एक फ्रेम गळते आणि कॅमेरा पाळण्याकडून माणसांकडे वळला की चित्र अडखळतं. म्हणून इथे एनटीएससी निवड. आजीचा प्लेअर आणि टीव्ही दोन्ही ते दाखवतात, मी स्वतः लावून पाहिलंय.

आणखी एक, आणि हे नीट वाच. फोन एकसारख्या वेगाने चित्रण करत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी घेतो. ती फाइल थेट बदलली तर सुरुवात ठीक वाटते, पण पाऊण तासानंतर ओठ एकीकडे आणि पाळणागीत दुसरीकडे. त्यासाठी आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल सरळ करून घे. दर्जा चढाच ठेव, कारण प्रत्येक रूपांतरात थोडं चित्र जातंच. म्हणूनच व्हॉट्सॲपवर आलेली प्रत वापरू नकोस, ती आधीच पिळून निघालेली असते. दादाकडून मूळ फाइलची लिंक माग.

सूनबाईंच्या माहेरची माणसं इंग्रजीत बोलतात, तिथे मराठी ओळी घालायच्या असतील तर हँडब्रेकमध्येच चित्रावर कायमच्या उमटव. वेगळी सबटायटल फाइल दिलीस तर बऱ्याच प्लेअरवर देवनागरीऐवजी चौकोन येतात. अक्षर मोठं ठेव आणि ओळ जरा वर घे. आजीचा टीव्ही डब्याचा आहे, तो कडा कापतो.

एका डिस्कवर सगळं कोंबू नकोस. ४.७ जीबीत दोन तास घातलेस तर सेकंदाला पाच मेगाबिट मिळतात, चार तास घातलेस तर जेमतेम अडीच, आणि मग बाळाच्या चेहऱ्यावर चौकडे दिसतात. आजी ज्यासाठी बसणार आहे तोच चेहरा बिघडवायचा का? बारसं एकटंच जाऊ दे.

मेनू ठेवू नकोस. डिस्क घातली की चित्र सुरू, एवढंच तिला हवं. बाण दाबून पुढे जाणं तिला कधी जमलं नाही आणि जमायची गरजही नाही. साधी डीव्हीडी-आर घे, आठच्या वेगाने लिही आणि लिहून झाल्यावर तपासणीचा पर्याय चालव.

मूळ फाइल मात्र जपून ठेव. आजोबांच्या एकसष्टीचं चित्रण मी डिस्कवर उतरवलं आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. ती डिस्क खिडकीजवळच्या कपाटात होती. लिहिण्याच्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो उन्हाने मरतो. आठ वर्षांनी लावली तेव्हा प्लेअर नुसता फिरत राहिला. आजोबांचा आवाज त्यातच होता, दुसरीकडे कुठेही नाही.

दोन प्रती कर, एक आजीकडे आणि एक माझ्याकडे. गुरुवारी मी तिच्याकडे जाणार आहे, रिमोटचे सेल बदलून ठेवतो. शनिवारी डिस्क घेऊन तू ये आणि तिच्याशेजारी बसून ती लाव.

तुझा,
मामा