पायाभूत वर्ष : गुन्हेगारीशास्त्राच्या उंबरठ्यावर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास माझी एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. तिच्या हाती इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते. विषय गुन्हेगारीशास्त्र आणि सायबर गुन्हे. मुदत चार वर्षे. त्यांपैकी पहिले वर्ष ‘फाउंडेशन’चे. वडिलांनी ते पत्र माझ्यापुढे सारले व म्हणाले, “सर, तिकडे पदवी तीन वर्षांची म्हणतात. मग हे चौथे वर्ष कशाला? हा नापासांचा वर्ग तर नव्हे? आणि मुलीच्या जातीने चोराचिलटांचा अभ्यास करून पुढे करायचे काय?” मुलगी खाली मान घालून बसली होती.

त्या दिवशी मला या दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरे देता आली नाहीत. पुढे मी थोडी माहिती मिळवली. आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील मुलेही आता अशी पत्रे घेऊन येऊ लागली आहेत. म्हणून जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे ठेवतो.

पायाभूत वर्ष म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये ऑनर्स पदवी बहुधा तीन वर्षांची असते. तिथली मुले तेरा वर्षांचे शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जातात. आपल्याकडे बारावीनंतर जातात. ज्यांचे गुण कमी पडले, ज्यांनी निराळे विषय घेतले होते, किंवा ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले, अशांसाठी पदवीच्या आधी एक वर्ष जोडलेले असते. त्याला कोणी ‘शून्य वर्ष’ही म्हणतात. बारावीत चांगले गुण असलेल्या भारतीय विद्यार्थ्यास पुष्कळ विद्यापीठे थेट पहिल्या वर्षात घेतात. तेव्हा पायाभूत वर्ष सर्वांनाच लागते असे नाही, हे पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

तिथे अभ्यासाचे माप श्रेयांकांनी होते. एका वर्षाचे १२० श्रेयांक, आणि एका श्रेयांकास सुमारे १० तासांचा अभ्यास धरलेला. म्हणजे वर्षास १,२०० तास. त्यांतले वर्गातील तास थोडे, उरलेले सारे स्वतः वाचण्याचे, टिपणे काढण्याचे आणि लिहिण्याचे. पायाभूत वर्षाचे गुण अखेरच्या पदवीच्या श्रेणीत धरले जात नाहीत. परंतु त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय पहिल्या वर्षाचे दार उघडत नाही.

या वर्षात सामाजिक शास्त्रांची तोंडओळख, आकडेवारी वाचण्याची रीत आणि निबंधलेखन यांवर भर असतो. आपल्याकडील हुशार विद्यार्थीही इथेच अडखळतो. पाठ केलेले उत्तर अचूक उतरवणे ही आपली परीक्षा. ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ या प्रश्नाला उत्तर देणे ही त्यांची. दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न सांगता घेतले तर त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात व त्याबद्दल शिक्षा होते. चोरीचा अभ्यास करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो स्वतः चोरी न करण्याचा, असे म्हणावयास हरकत नाही.

या शास्त्राचा विषय

गुन्हेगारीशास्त्र म्हणजे गुप्त पोलिसांची विद्या, असा पुष्कळांचा समज आहे. बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग तपासणे हे न्यायवैद्यक शास्त्राचे काम. गुन्हेगारीशास्त्र निराळेच प्रश्न विचारते : समाज कशाला गुन्हा म्हणतो? माणूस तो का करतो? शिक्षेने काय साधते? आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे पुढे काय होते?

इटलीतील बेकारिया याने १७६४ साली आपल्या ग्रंथात छळ आणि देहान्त शिक्षा यांना विरोध केला. शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती खात्रीने व त्वरित होणे अधिक परिणामकारक, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १८७६ साली त्याच देशातील लोंब्रोसो याने काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात व ती चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखू येतात, असे मत मांडले. ते पुढे टिकले नाही. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याने केवढा अनर्थ होतो हे आपल्या देशाला सांगावयास नको. इंग्रज सरकारने त्याआधीच, १८७१ साली, कायदा करून संपूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या मनातून तो अजून पुरता पुसलेला नाही.

अमेरिकेत सदरलँड याने १९३९ साली पांढरपेशा गुन्ह्यांची कल्पना मांडली. गुन्हा हा दारिद्र्याचाच परिणाम असेल, तर प्रतिष्ठित व्यापारी हिशेबात लबाडी का करतो, हा त्याचा प्रश्न. इंग्लंडमध्ये या विषयाचा पाया घातला तो मानहाइम, ग्रूनहुट व राडझिनोविच या तीन विद्वानांनी. हे तिघेही १९३० नंतरच्या दशकात युरोपातून तेथे आलेले होते. केंब्रिजची गुन्हेगारीशास्त्र संस्था १९५९ साली स्थापन झाली आणि तिची धुरा राडझिनोविच यांच्याकडे आली. तेथील प्राध्यापकपदास वुल्फसन हे एका धर्मादाय प्रतिष्ठानाचे नाव आहे. ट्रस्टच्या सभासदांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संगणक आणि कायदा

१९८० नंतरच्या दशकातील गोष्ट. ब्रिटिश टेलिकॉमच्या ‘प्रेस्टेल’ नावाच्या संगणकसेवेत गोल्ड आणि शिफ्रीन या दोघांनी परवानगीवाचून प्रवेश मिळवला व राजपुत्र फिलिप यांची टपालपेटीही उघडली. त्यांच्यावर खटला भरला तो १९८१ च्या बनावट दस्तऐवजांच्या कायद्याखाली. खालच्या न्यायालयाने दंड केला. अपिलात ते सुटले, आणि १९८८ साली उमरावांच्या सभेने ती सुटका कायम केली. कागद खोटा करणे आणि संगणकात शिरणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यानंतर १९९० साली ब्रिटनमध्ये संगणकाच्या गैरवापराचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला.

सायबर गुन्ह्यांचे दोन प्रकार विद्यार्थ्यांना शिकवतात. संगणकाशिवाय जे घडूच शकत नाहीत ते एका प्रकारचे. उदाहरणार्थ, २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले, तो गुन्हा. दुसऱ्या प्रकारचे गुन्हे पूर्वापार आहेत. तोतयेगिरी, धमकी, फसवणूक. संगणकाने त्यांना फक्त लांब हात दिले. आपल्या घरात शिरतात ते बहुधा हे दुसऱ्या प्रकारचे.

एका घरातील उदाहरण

माझे मामू सेवानिवृत्त आहेत. हिशेबाला चोख, वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारे. एका सकाळी त्यांना फोन आला. समोरचा गणवेशात दिसत होता. तुमच्या नावाने गैरव्यवहार झाला आहे, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ केली आहे, फोन बंद करू नका, कोणाशी बोलू नका, असे त्याने बजावले. घरात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. संध्याकाळपर्यंत मामूंच्या बचतीचा मोठा भाग गेला. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही.

मामूंनी ही हकीकत तीन आठवडे कोणालाही सांगितली नाही. शेवटी सांगितली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा : “मामू, तुम्ही एवढे जाणते, आणि असे कसे फसलात?” ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले. पुढे महिनाभर त्यांनी माझ्याशी तो विषय काढला नाही.

हे शास्त्र थोडेफार वाचल्यावर माझी चूक मला उमगली. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली एक साधी उपपत्ती मांडली. गुन्हा घडण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : गुन्ह्यास प्रवृत्त झालेला माणूस, त्याला सोयीचे लक्ष्य, आणि समर्थ राखणदाराचा अभाव. मामूंच्या बाबतीत त्या भामट्याने तिसरी गोष्ट स्वतःच घडवून आणली. ‘कोणाशी बोलू नका’ या एका वाक्याने त्याने बायको, मुलगा, शेजारी आणि बँकेतला ओळखीचा कारकून या साऱ्या राखणदारांना दूर केले. मग माझा प्रश्न काय असावयास हवा होता? ‘तुम्ही कसे फसलात’ हा नव्हे. ‘त्याने तुम्हाला एकटे कसे पाडले’ हा.

दुसरी गोष्ट मौनाची. पोलिसांच्या वहीत न आलेल्या गुन्ह्यांना या शास्त्रात ‘काळोखातला आकडा’ म्हणतात. तो अजमावण्यासाठी ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघर जाऊन लोकांना विचारण्याची पाहणी चालू आहे. तीत फसवणूक व संगणकाचे गुन्हे यांबद्दलचे प्रश्न घातले गेले ते ऑक्टोबर २०१५ पासून. तेव्हा दिसून आले की तोवर त्या पाहणीत मोजल्या जाणाऱ्या बाकी सर्व गुन्ह्यांच्या जवळपास बरोबरीने हे गुन्हे घडत होते. ते आधीही होतेच. फक्त कोणी विचारले नव्हते. मामूंचे तीन आठवडे हे त्याच काळोखातले. आणि तो काळोख दाट करण्यास माझ्यासारख्याचा एक प्रश्न पुरेसा होतो.

आपल्या देशात अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात; पहिले काही तास हाती असताना ते अडवण्याची शक्यता अधिक असते. घरातील वडीलधाऱ्यांना हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, आणि त्याखाली लिहावे : ‘काही झाले तरी आम्ही रागावणार नाही.’

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

आता व्यवहाराच्या गोष्टी. प्रवेशपत्र हाती आले म्हणजे पुढील बाबी लेखी मागून घ्याव्यात.

१. पायाभूत वर्ष त्याच विद्यापीठाच्या पदवीला जोडलेले आहे, की एखाद्या खाजगी संस्थेत वेगळे आहे? पहिल्या वर्षात जाण्यास नेमके किती गुण हवेत?

२. चारही वर्षांची फी किती? इंग्लंडमध्ये २०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या अशा पायाभूत वर्षाची कमाल फी तेथील विद्यार्थ्यांना ५,७६० पौंड ठरवली आहे. पण ही मर्यादा परदेशी विद्यार्थ्यांना लागू नाही. त्यांच्याकडून पुष्कळच अधिक घेतात. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचा आकार भरावा लागतो. २०२५ साली तो विद्यार्थ्यांना दरसाल ७७६ पौंड होता.

३. थेट पहिल्या वर्षात प्रवेश मिळेल काय? एजंटाला बहुधा विद्यापीठाकडून दलाली मिळते. म्हणून हा प्रश्न एजंटाला न विचारता विद्यापीठाला विचारावा.

४. पदवीत संगणकाचे तांत्रिक शिक्षण किती आणि समाजशास्त्र किती? नाव एकच असले तरी हे प्रमाण विद्यापीठागणिक बदलते.

५. पुढे काय? इंग्लंडच्या पोलिसांत भरती होण्यास तेथील वास्तव्यावर बंधन नसावे लागते. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याने त्या भरवशावर राहू नये. बँकांचे फसवणूक-प्रतिबंध विभाग, खाजगी कंपन्या आणि पीडितांना साहाय्य करणाऱ्या संस्था यांत मात्र या शिक्षणाला वाव आहे.

कर्ज काढून जाणाऱ्याने हा हिशेब चार वर्षांचा करावा, तीन वर्षांचा नव्हे. आणि ज्याला परदेशी जाणे झेपत नाही त्याचे दार बंद होते असेही नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय शिकण्याची सोय आहे.

त्या मुलीचे बारावीचे गुण आईच्या आजारपणात घसरले होते. थेट प्रवेश मिळत नव्हता. वडिलांनी बराच विचार करून तिला पाठवले. हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाजात काळजी होती : “सर, पहिल्या निबंधाला अठ्ठावन्नच मिळाले!” मी त्यांना सांगितले की तिथे ४० ला उत्तीर्ण आणि ७० ला प्रथम श्रेणी, ५८ म्हणजे मुलगी नापासांत नाही, वाटेवर आहे.

नंतर मुलीशीही बोलणे झाले. फसवणूक झालेली माणसे गप्प का राहतात, हा तिच्या निबंधाचा विषय होता. मी उत्साहाने म्हणालो, मग मामूंचीच हकीकत लिहायची होतीस. ती म्हणाली, “नाही सर. कोणाला त्याच्या दुःखाबद्दल विचारायचे तर आधी त्याची लेखी संमती घ्यावी लागते. नको म्हणण्याचा हक्क त्याला सांगावा लागतो. आणि विद्यापीठाची समिती हो म्हणाली तरच विचारता येते. हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवले.”

फोन ठेवल्यावर मला त्या दिवशीचा माझा प्रश्न आठवला. मी कोणाचीही संमती घेतली नव्हती. त्या रविवारी मी मामूंकडे गेलो आणि चहा घेताना त्यांना म्हणालो, “मामू, मी त्या दिवशी विचारायला नको होते तसे विचारले. सांगावेसे वाटले तर सांगा, नाहीतर राहू द्या.” ते बराच वेळ कप हातात धरून बसले. मग त्यांनी पहिल्यापासून सारे सांगितले.

त्या मुलीच्या वडिलांना मी आता एवढेच सांगेन, की जे वर्ष त्यांना वाया गेल्यासारखे वाटत होते, त्याच्या पहिल्या सत्रातला एक धडा त्यांच्या मुलीच्या शिक्षकालाही उपयोगी पडला.