धूर मोजायचा की धूळ? भोर-वेल्ह्यात हवेतले कण मोजण्याचा खर्च

उन्हाळ्यात भातखाचरात राब भाजले की धूर खोऱ्यात रेंगाळत राहतो. घरातली चूल तर बारमाही. खडीक्रशर किंवा कच्चा रस्ता शेजारी असेल, तर धुतलेल्या भांड्यांवरही धुळीचा थर बसतो. हवा मोजायचे यंत्र घेण्याआधी एकच गोष्ट ठरवा: मोजायचाय धूर की धूळ? खर्च त्यावरच ठरतो.

फरक काय?
धुराचे बहुतेक कण अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे पीएम २.५ असतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. क्रशरची धूळ मुख्यतः त्याहून जाड असते. तिच्यासाठी पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, पाहतात. २४ तासांच्या सरासरीची भारतीय मर्यादा घनमीटरला अनुक्रमे ६० आणि १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ आणि ४५ची आहे.

खर्च शून्य
‘समीर’ आणि ‘सफर’ या ॲपवर पुणे शहरातले आकडे मोफत दिसतात. पण कात्रजच्या आकड्यावरून वेल्ह्यातल्या स्वयंपाकघराचा अंदाज बांधता येत नाही.

धुरासाठी: साधारण ३ ते १५ हजार रुपये
हातात मावणारे लेसर यंत्र पुरते. त्यातला छोटा पंखा हवा ओढतो, कणांवरून उजेड विखुरतो आणि त्यावरून यंत्र वजनाचा अंदाज बांधते. घेताना तीन गोष्टी पाहा: पीएम २.५चा आकडा मायक्रोग्रॅममध्ये दिसतो का, नोंदी साठतात का, सेन्सर बदलून मिळतो का. नुसते हिरवे-लाल दिवे दाखवणारे यंत्र नको.

चूल पेटवण्याआधी, स्वयंपाक चालू असताना आणि विझवल्यावर तासाभराने, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर आकडा घ्या. पावसाळ्यात आणि धुक्यात जपून: कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो.

धुळीसाठी: प्रयोगशाळा
स्वस्त लेसर यंत्रे जाड धूळ नीट पकडत नाहीत. त्यांचा पीएम १०चा आकडा घेऊन तक्रार करायला गेलात, तर ती टिकणार नाही. इथे एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून २४ तासांचा नमुना घ्या. गाळणकागदाचे आधीचे आणि नंतरचे वजन करून धूळ मोजली जाते. उदाहरणार्थ, पीएम २.५च्या यंत्रातून दिवसभरात सुमारे २४ घनमीटर हवा जाते; कागद १.४४ मिलिग्रॅमने जड झाला, तर आकडा ६०.

एका ठिकाणच्या एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात. तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रक मागवा आणि विचारा:

- गावापर्यंतचा प्रवास आणि जीएसटी धरला आहे का?
- पीएम १०ची चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का?
- वीज गेली तर? नमुना अर्धवट राहिला, तर पुन्हा पैसे पडतील का?

क्रशर चालू असलेला दिवस निवडा. वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. अहवाल जोडून तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा.

आमचा सल्ला
चुलीच्या धुरासाठी चार-पाच घरांनी मिळून एकच यंत्र घ्यावे. वाचलेल्या पैशांतून धुराडे बसवा आणि पुन्हा मोजा. दुसरा आकडा खाली आला, तरच खर्च सार्थकी लागला.