टू-स्ट्रोक इंजिनाचे रोगनिदान : शर्यतीच्या एका जुन्या मोटारसायकलीपासून मिळालेला धडा

बैल आजारी पडला म्हणजे जाणता पशुवैद्य आल्याबरोबर औषधाची बाटली उघडीत नाही. तो अगोदर शेण पाहतो, कान चाचपतो, जनावर रवंथ करते की नाही हे विचारतो, आणि मगच बोलतो. इंजिनाच्या बाबतीत आपण नेमके उलट वागतो. ते बिघडले की आधी पाना हाती घेतो, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवितो आणि विचार मागाहून करतो. ही घाई किती महाग पडते हे आम्हांस शर्यतीच्या एका जुन्या मोटारसायकलीने शिकविले. पाठीवरचे फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे आणि कित्येकांनी अद्याप जपून ठेवलेल्या राजदूत व येझ्दी गाड्या यांत बहुधा याच जातीचे इंजिन असते. म्हणून तो अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या इंजिनाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. चार धावांच्या इंजिनात तेल तळाशी निराळे असते. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे दोन धावांच्या इंजिनात, तसे नसते. पिस्टन वर गेला की हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण खालच्या क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि तो खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन वर सिलिंडरमध्ये शिरते. इंग्लंडातील बाथ येथील जोसेफ डे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती काढली. तात्पर्य, क्रँककेस ही नुसती पेटी नसून लोहाराच्या भात्यासारखा पंप आहे. भात्याला भोक पडले तर निखाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता त्या मोटारसायकलीची हकीकत. सुमारे १०० घनसेंटीमीटरची ती गाडी कित्येक वर्षे गोठ्याच्या कडेला पडून होती. परिचयातील एका तरुणाने ती मातीवरच्या शर्यतीसाठी सज्ज केली. थंड असता ती दोन किकांत सुरू होई व सरळ रस्त्यावर उत्तम पळे. परंतु वळणापूर्वी मूठ सोडली तरी इंजिनाची गती उतरत नसे, ते काही वेळ आपल्याच मनाने गरगरत राही. प्लग पांढराफटक निघे. लक्षण कमी पेट्रोलाचे दिसल्यामुळे कार्बोरेटरचा जेट मोठा घाला, असा सल्ला आम्हीच दिला. जेट दोनदा बदलला, तेलही वाढविले. तिसऱ्या दिवशी वळणाच्या तोंडाशी पिस्टन जाम झाला, मागचे चाक अडकले आणि तरुण पडता पडता वाचला. क्लचवर त्याचे बोट होते म्हणूनच तो सावरला. दोष आमच्या सल्ल्याचा होता, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर आम्ही जो क्रम पाळला, तोच प्रत्येकाने पाळावा.

१. इंधन. जुने पेट्रोल काढून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओलावा शोषते व बराच काळ साठविल्यास पाणी तळाशी बसू शकते. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र मोकळे आहे काय, नळीतून सलग धार येते काय, हे पाहावे.

२. ठिणगी. प्लग काढून त्याचे धातूचे अंग इंजिनास टेकवावे व किक मारावी. ठिणगी निळसर व जोरकस हवी. प्लगच्या उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्यापासून दूर धरावी. ठिणगीची वेळही तपासावी. ती फार आधी पडू लागली तर पिस्टनच्या माथ्यास भोक पडू शकते.

३. दाब. मूठ पूर्ण उघडी ठेवून मापकाने दाब पाहावा. दर चौरस इंचास १०० पौंडांहून तो बराच खाली आला तर रिंगा, पिस्टन किंवा हेडचे गास्केट यांचा संशय घ्यावा.

४. प्लगचा रंग. गाडी पूर्ण वेगात असता क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग पाहावा. कॉफीसारखा तपकिरी रंग चांगला. काळा व ओला म्हणजे पेट्रोल किंवा तेल अधिक. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, अथवा हवा अधिक.

या शेवटच्या दोन शब्दांतच आमची चूक दडली होती. पांढरा प्लग पाहून आम्ही पेट्रोल कमी पडते असे समजलो. हवा अधिक कोठून येते, हा प्रश्न विचारलाच नाही. तेल वाढविण्याचा उपायही उलटाच होता. एक लिटर पेट्रोलास २५ मिलिलिटर तेल हे १:४० चे प्रमाण, व ५० मिलिलिटर हे १:२० चे. जेटमधून ठरावीक मापाचेच मिश्रण जाते. त्यात तेल वाढले तर तितके पेट्रोल घटते, आणि मिश्रण अधिकच विरळ होते.

५. भात्याची परीक्षा. कार्बोरेटर व धुराची नळी काढून दोन्ही तोंडे रबराच्या पट्टीने घट्ट बंद करावीत, आणि आत दर चौरस इंचास ६ पौंड इतकीच हवा भरावी. रक्तदाब मोजण्याच्या उपकरणाचा रबरी फुगा व मापक यास पुरतो. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेवढाच दाब होय. टायरमध्ये हवा भरण्याचे यंत्र थेट लावू नये, त्याने सील उखडते. हा दाब सहा मिनिटे टिकला पाहिजे. न टिकल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे, तेथे रोग.

आमच्या गाडीत मॅग्नेटोच्या बाजूच्या ऑइल सीलभोवती बुडबुड्यांचा फेसच आला. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्याचे रबर वाळून कडक झाले होते. मूठ बंद केली की कार्बोरेटर मिटे, परंतु सीलमधून नुसती हवा आत शिरतच राही. त्या विरळ मिश्रणावर इंजिन जोरात फिरे. पेट्रोलाबरोबर येणारे तेलही त्या क्षणी जवळजवळ बंद असे. अशा वेळी पिस्टन जाम होणे अपरिहार्यच होते.

सील गिअरबॉक्सच्या बाजूचे गेले असते तर लक्षणे निराळी दिसली असती : दाट धूर, तेलकट प्लग, आणि गिअरचे तेल दिवसेंदिवस कमी. पिस्टनही बोलतो. केवळ धुराच्या बाजूस ओरखडे असतील तर विरळ मिश्रण, अतिउष्णता किंवा तेलाची उणीव. चारही कोपऱ्यांस सारखे असतील तर सिलिंडरात जागा कमी, किंवा इंजिन तापण्याआधीच जोराने हाकले गेले.

शर्यतीच्या यंत्रात असे दोष लवकर उघड होतात, कारण त्यातून शेवटचा थेंब पिळून घेतलेला असतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन याने धुराच्या नळीला विशिष्ट आकार देऊन आतील लहरींचा उपयोग करून घेतला, आणि १९६१ पर्यंत १२५ घनसेंटीमीटरच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळविली. इतक्या ताणलेल्या यंत्रास छोटीशी गळतीही सोसत नाही. फवारणीच्या पंपास ती काही दिवस सोसते, म्हणून आपण गाफील राहतो. परंतु फळ तेच.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे इतकेच : मूठ सोडल्यावर इंजिन उतरत नसेल तर ते तत्काळ बंद करावे, आणि जेटला हात लावण्यापूर्वी भाता तपासावा. सीलचा खर्च नव्या पिस्टनपुढे व सिलिंडर बोअर करण्यापुढे काहीच नाही. मोडलेल्या हाडापुढे तर त्याची गणतीही करू नये. त्या तरुणाने नवे सील बसविले आणि जेट पूर्वीचाच ठेवला. प्लग आता तपकिरी निघतो.